पेन्सिल हरवली की

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

पहिलीचा वर्ग मिळाला, त्यात तांड्यावरची चार आणि पारधी वस्तीवरची तीन मुलं आहेत आणि बाकीची त्यांच्याजवळ बसत नाहीत, असं तू लिहिलंस. ‘विविधतेत एकता’चा तक्ता लावू का, म्हणून विचारलंस. लाव, पण त्याची घाई नाही. मुलं रोज परिपाठात विविधतांनी नटलेल्या परंपरांचा अभिमान असल्याची प्रतिज्ञा म्हणतात आणि दुपारी खिचडीच्या पंगतीत एकाला वगळून बसतात. सहा वर्षांचं मूल ऐकतं कमी, बघतं जास्त. वर्गात ते सगळ्यात जास्त तुझ्याकडे बघतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीची पेन्सिल हरवली. सगळ्या पोरांच्या नजरा पारधी वस्तीवरच्या मुलाकडे वळल्या आणि मी उठून पहिलं दप्तर उघडलं ते त्याचंच. पेन्सिल खिडकीखाली सापडली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यानं दप्तर आणणं सोडलं. वही शर्टात खोचून यायचा. पुढे महिन्याभरात यायचाच थांबला. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, पुढे तो पारध्यांवरही बसला. १९५२ साली कायदा रद्द झाला. मी शिकलेली, पगारी शिक्षिका, तरी त्या दिवशी माझा हात त्याच शिक्क्याच्या मागे गेला. म्हणून सांगते, तुझ्या वर्गात काही हरवलं तर आधी स्वतःचं टेबल बघ, मग सगळ्यांनी मिळून खोली झाडा. कुणाचंही दप्तर उघडू नकोस.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना “अमक्या जातीची मुलं उभी राहा” असं कधीही म्हणू नकोस. जात शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (प्रवेशाच्या नोंदवहीत) लिहिलेली असते, तिथून घे. हे अजूनही होतं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, याचा मला फार त्रास होतो.

‘आई’ हा शब्द शिकवशील तेव्हा घरी आईला काय म्हणता, ते प्रत्येकाला विचार. आई, माय, अम्मी, तांड्यावरची ‘याडी’, सगळं फळ्यावर लिही. फक्त तांड्यावरच्या मुलांना विचारू नकोस, नाहीतर ती प्रदर्शनातली होतात. सगळ्यांना विचारलंस की प्रत्येकाचंच घर थोडं वेगळं निघतं.

“ते आंघोळ करत नाहीत” असं कुणीतरी म्हणेलच. रागावू नकोस. रागावलीस तर ते मूल तेच वाक्य तुझ्या पाठीमागे म्हणेल. पाणी कुणाच्या घरी कुठून येतं, हे वर्गात विचार. नळ किती जणांकडे, हंडा किती लांबून, आणायला कोण जातं? मुलांना मोजायला आवडतं. रोज सकाळी हंडा डोक्यावर घेऊन येणारी मुलगी आपल्याच वर्गात आहे, हे कळलं की त्या वाक्याचा जोर आपोआप कमी होतो. माझ्या वर्गात एका मुलानं अशाच एका मुलीला विचारलं होतं, “सांडत नाही का गं?”

आणि वस्तीवर जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तुला शाळा हलवायची नाही. एका संध्याकाळी जाऊन बस, देतील तो चहा घे, पाणी पी. दुसऱ्या दिवशी वर्गात सहज सांग, “काल मी हिच्या घरी चहा प्यायले.” ती बातमी दुपारपर्यंत गावात पोचेल. एखादा पालक तक्रार घेऊन येईलही. त्याला बसायला खुर्ची दे, नीट ऐकून घे, पण पंगत बदलू नकोस. पंगतीत तू स्वतः त्या सात मुलांच्या मध्ये बस.

पाण्याच्या टाकीजवळ सगळ्यांना एकच तांब्या आहे ना, ते मात्र उद्याच बघ आणि मला लिही.

तुझी,
बाई