वाचकांचे प्रश्न : पहिल्याच बिलावर कर शून्य

प्रश्न : सियागंजातल्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी आम्ही सी प्लस प्लसमध्ये बिलिंग सर्व्हर लिहिला आहे. पहिलं बिल आलं की जीएसटी दरांचा तक्ता फाइलमधून भरतो. तक्त्याचा पत्ता ठेवणारा पॉइंटर रिकामा आहे का ते पाहतो, असेल तर म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घेऊन पुन्हा पाहतो आणि मगच 'न्यू'ने तक्ता बनवतो. इंटेलवर कधी तक्रार आली नाही. एआरएम प्रोसेसरच्या सर्व्हरवर गेल्यापासून सुरुवातीच्या एखाद्या बिलावर कर शून्य लागतो. पॉइंटरच्या घोषणेत 'व्होलाटाइल' हा शब्द टाकला, फरक पडला नाही. – एक प्रोग्रॅमर, इंदूर

उत्तर : गोची पहिल्या तपासणीत आहे, कारण ती लॉकच्या बाहेर होते. 'न्यू'ची ओळ एक, कामं तीन : जागा घेणं, तिथे तक्ता उभा करणं, पत्ता पॉइंटरमध्ये ठेवणं. लॉक न घेतलेल्या थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाला) शेवटची दोन उलट क्रमाने दिसू शकतात. त्याला पॉइंटर भरलेला दिसतो, तो लॉककडे फिरकत नाही आणि अर्धवट तक्ता वाचतो. इंटेलवर प्रोसेसरच्या एका कोअरचं लेखन दुसऱ्याला त्याच क्रमाने दिसतं, एआरएमवर तशी हमी नाही. कंपायलरही क्रम बदलू शकतो, त्यामुळे इंटेलवर निभावलं हे नशीबच. व्होलाटाइलचा उपयोग जावात होतो, तोही जावा ५ पासून. सी प्लस प्लसमध्ये त्याचा थ्रेडशी संबंध नाही.

आधी एक साधी गोष्ट तपासा. 'न्यू' करून पुढच्या ओळीत फाइल वाचणारं 'लोड' बोलावत असाल, तर इंटेलवरही हेच होईल. फाइल कन्स्ट्रक्टरमध्येच (तक्ता उभा करणाऱ्या कोडमध्येच) वाचा.

दुरुस्ती दोन ओळींची. फंक्शनच्या आत तक्ता 'स्टॅटिक कॉन्स्ट' म्हणून घोषित करा आणि त्याचा रेफरन्स परत द्या. सी प्लस प्लस ११ पासून भाषाच हमी देते की एकच थ्रेड तो उभा करेल, बाकीचे थांबतील. व्हिज्युअल स्टुडिओत हे २०१५च्या आवृत्तीपासून आहे. जीसीसी कंपायलरमध्ये 'नो थ्रेडसेफ स्टॅटिक्स' हा पर्याय कुणी मेकफाइलमध्ये टाकला असेल तर हमी जाते, तेवढं शोधा. कन्स्ट्रक्टरने अपवाद (एक्सेप्शन) फेकला तर पुढची हाक पुन्हा प्रयत्न करते. पण अपवाद आतच गिळून रिकामा तक्ता दिलात, तर सर्व्हर बंद होईपर्यंत तो रिकामाच राहील. आणि कन्स्ट्रक्टरमधून त्याच फंक्शनला पुन्हा हाक जाऊ देऊ नका, प्रोग्रॅम तिथेच लटकू शकतो.

'कॉन्स्ट' मुद्दाम सांगितलं. मॅपमधून (कोडवरून दर देणाऱ्या यादीतून) चौकोनी कंसाने दर काढलात, तर न सापडलेल्या एचएसएन कोडची (मालाच्या जीएसटी वर्गाचा क्रमांक) शून्य दराची नवी नोंद तयार होते. म्हणजे वाचताना लिहिलं जातं, तेही लॉकशिवाय. कॉन्स्ट मॅपवर चौकोनी कंस कंपाइलच होत नाही. 'ॲट' वापरा, दर सापडला नाही तर बिल अडलेलं बरं.

तरी आमचं मत विचाराल तर हा तक्ता 'मेन'मध्ये, थ्रेड सुरू करण्याआधीच भरा. प्रत्येक बिलाला लागणारी गोष्ट पहिल्या गिऱ्हाइकापर्यंत लांबवायची कशाला? फाइल सापडत नसेल तर सर्व्हर उठतानाच कळेल. दर मधेच बदलले (२२ सप्टेंबर २०२५ला पाकीटबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं, तसे) तर चालू तक्त्याला हात लावू नका. नवा पूर्ण भरा, मग अटॉमिक शेअर्ड पॉइंटर (एका झटक्यात बदलता येणारा पॉइंटर) बदला. ही सोय सी प्लस प्लस २० मध्ये आहे.

तपासणीसाठी थ्रेड सॅनिटायझर हे थ्रेडमधल्या चुका पकडणारं साधन लावून बिल्ड करा. वेग ५ ते १५ पट घटतो, पण दोन थ्रेडमध्ये ताळमेळ नसेल तर चूक प्रत्यक्ष घडली नाही तरी तो इंटेलवरही बोट ठेवतो. १६ थ्रेड एका बॅरिअरवर (सगळे जमेपर्यंत थांबायच्या जागी) अडवून एकदम सोडा आणि दर वेळी प्रोसेस नव्याने सुरू करा, कारण पहिली भरणी एका रनमध्ये एकदाच होते.

प्रश्न : जावात हेच करायचं तर तक्ता देणारा गेटर सिंक्रोनाइझ्ड (लॉक घेऊनच चालणारा) ठेवावा का? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : चालेल, पण प्रत्येक हाकेला लॉक पडेल. आत एक छोटा स्टॅटिक क्लास ठेवा आणि तक्ता त्याच्या स्टॅटिक फायनल फील्डमध्ये बनवा. तो क्लास पहिल्यांदा वापरला जाताना जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) स्वतःच लॉक लावते. मात्र इथे फाइल वाचताना अपवाद आला तर दुसरी संधी नाही. पुढच्या प्रत्येक हाकेला 'नो क्लास डेफ फाउंड' एरर येत राहील.