सायकल नाही म्हणून स्विमरन सोपी होत नाही

तुम्ही सुटीला जाताय तिथेच जोडीने करायची स्विमरन शर्यत आहे, एकूण 12 किमी पळणं आणि 3 किमी पोहणं, आलटून पालटून, सात-आठ तुकड्यांत. तुमच्या दोन ऑलिंपिक ट्रायथलॉन झाल्यात, मेहुणे जोडीला तयार आहेत आणि तुम्ही लिहून विचारताय, सायकल नाही म्हणजे हे सोपंच ना? दमाचा हिशेब केला तर हो. दीड किमी पोहून, 40 किमी सायकल मारून वर 10 किमी पळणाऱ्याला एवढं अंतर जड नाही. त्रास होतो तो अंगावरच्या सामानाचा.

ट्रायथलॉनमध्ये पाण्यातून बाहेर आलो की वेटसूट, म्हणजे पोहायचा जाड रबरी सूट, उतरवायचा, बूट चढवायचे, सगळं आपल्या जागेवर मांडून ठेवलेलं असतं. स्विमरनमध्ये अशी जागाच नाही. बूट घालून पोहायचं, वेटसूट घालून पळायचं, आणि जे घेऊन निघालात ते शेवटपर्यंत स्वतःच वागवायचं. हे असं का, तर या खेळाचा जन्म पैजेतून झालाय. 2002 साली स्वीडनमधल्या उतो बेटावर चार दोस्तांची पैज लागली: दोन जोड्या करायच्या, बेटांवरून पळत आणि मधलं पाणी पोहत सान्धाम्न हे दुसऱ्या बेटावरचं गाव गाठायचं, हरणाऱ्या जोडीने राहण्या-खाण्याचं बिल भरायचं. दोन्ही जोड्यांना 24 तासांहून जास्त लागले. 2006 मध्ये त्याचीच, उलट दिशेने, 'ओतिलो' शर्यत झाली. नावाचा अर्थच 'बेटाकडून बेटाकडे'. सुमारे 75 किमी. मधल्या निर्जन बेटांवर तुमची पिशवी कोण सांभाळणार?

माझी पहिली स्विमरनही सुटीतलीच. अंतर तुमच्याहून कमी होतं, आणि मी नेहमीचा ट्रायथलॉनचा पूर्ण बाह्यांचा, पाठीमागे चेन असलेला वेटसूट नेला होता. पोहताना झकास वाटलं. नंतर चढावर साडेतीन किमी पळायचं होतं, वर ऊन. चेन पाठीवर, हात पोचेना, जोडीदार पुढे निघून गेलेला. दुसऱ्या किलोमीटरला मळमळायला लागलं आणि मी चालत सुटलो. पाय ठणठणीत, श्वास ठीक, फक्त अंग आतून उकडलेलं. थंडीची भीती सगळ्यांनाच असते. उकाड्याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

म्हणून पहिलं काम वेटसूटचं. स्विमरनचा सूट पुढून उघडतो आणि गुडघ्यावर संपतो. तो भाड्याने मिळत असेल तर आधी मागवा, पण स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदा अंगात घालू नका. जुना वेटसूट पडून असेल तर गुडघ्यावर कापून टाका, मन घट्ट करून. पाण्याबाहेर पाय टाकला की चेन पोटापर्यंत खाली, टोपी काढून बाहीत खुपसायची. पाण्यात शिरायच्या पन्नास पावलं आधी चेन वर. ती विसरलात तर सूटमध्ये पाणी भरतं आणि तुम्ही बादली ओढत पोहता. पाणी कोमट असेल आणि नियम परवानगी देत असतील तर सूटच सोडा.

बूट जाळीचे, पाणी लगेच निथळणारे, ओल्या दगडावर पकड असलेले. वॉटरप्रूफ अजिबात नको, आत शिरलेलं पाणी ते बाहेर जाऊ देत नाहीत. बुटांनी पाय बुडतात, म्हणून मांड्यांत पुल बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरतात. तो इलॅस्टिकने एका मांडीला बांधायचा आणि पळताना बाहेरच्या बाजूला फिरवायचा. पोहताना पंजांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या पॅडलबद्दल मी जुन्या मताचा आहे: सहा-आठ आठवडे सराव नसेल तर घरी ठेवा. पाय मारणं जवळजवळ बंद असल्याने सगळा भार खांद्यांवर येतो, आणि सुटीत आखडलेला खांदा घेऊन फिरण्यात मजा नाही.

पाण्यातून बाहेर पडणं हे वेगळं कसब आहे. हात तळाला लागेपर्यंत पोहत राहा, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चालू नका. शेवटचे पन्नास मीटर मुद्दाम पाय मारा, नाहीतर उभं राहिल्यावर गरगरतं. प्रवाह आडवा असेल तर समोरच्या झेंड्यावर नेम धरू नका, प्रवाहाच्या उलट बाजूला धरा.

मेहुणे तुमच्याहून हळू पोहतात असं तुम्ही लिहिलंय. मग दोरी घ्या. बहुतेक शर्यतींत जोडीने 10 मीटरच्या आत राहायचा नियम असतो, त्यामुळे तुम्ही एकटे पुढे जाऊन काही मिळणार नाही. चांगला पोहणारा पुढे, दुसरा त्याच्या पायांमागे, मध्ये ताणली जाणारी दोरी. निघण्याआधी दोघांनी सूट, बूट, दोरी सगळं चढवून निदान तीनदा पाण्यातून बाहेर, बाहेरून पाण्यात करा. दोरीवरून भांडण व्हायचंच असतं, ते तेव्हाच उरकून घ्या.

सुटीच्या बाजूने दोनच गोष्टी. स्पर्धा शेवटच्या दिवशी असली की आधीचे सगळे दिवस 'आज जास्त चालायचं नाही' यात जातात आणि घरचे वैतागतात. तुमच्या तारखा ठरायच्या असतील तर पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईल असं बघा. तोवर ते पाणी एकदा पोहून होतं. आणि नोंदणीआधी नियम पूर्ण वाचा: इटलीसारख्या देशांत डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात, आणि प्रवास विम्यात स्पर्धा धरलेली असतेच असं नाही.

मानेला, काखेला आणि गुडघ्यामागे वंगण भरपूर लावा, पेट्रोलियम जेली सोडून. खाऱ्या पाण्यात ओला सूट घालून पळाल्यावर तिथली कातडी सोलते. मला पुढचे चार दिवस कॉलरचा शर्ट घालता आला नव्हता, आणि फोटोंत मी सगळीकडे मान वाकडी करून उभा आहे.