गावातल्या हौशी मंडळानं 'संगीत सौभद्र' बसवताना साथ ट्रॅकवर (आधी रेकॉर्ड केलेली) घेतली तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, तुमचं मंडळ सौभद्र करणार आहे, पेटी-तबलेवाले परवडत नाहीत, तर साथीला ट्रॅक वाजवावा का. आणि पाच अंकांचं नाटक आटोपशीर कसं करावं.

ट्रॅक वाजवू नका. मी पूर्व विदर्भात, वडसा-लाखांदूरकडच्या एका गावात सव्वीस वर्षं नाटकाला पायपेटी (पायानं भाता हलवायची पेटी) वाजवतो आणि तीन एकर धान करतो. पेटीवाला पेटीच्याच बाजूनं बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या मंडळानं ट्रॅक लावून पाहिलाय. त्या रात्री काय झालं ते मी कधी लिहिलं नव्हतं, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

२०१८ सालची मंडई. आमच्याकडे आता बहुतेक गावं वडशाच्या धंदेवाईक नाटक कंपनीचं नाटक ठरवतात, तिकिटं विकतात आणि मोकळी होतात. त्या कंपन्यांबद्दल मला आदरच आहे. आमच्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या पारावर पेढे वाटले गेले. पण गावानं स्वतः उभं केलेलं नाटक निराळं. तिथं अर्जुन सोसायटीत खताच्या रांगेत उभा असतो आणि बलराम तुमच्या शेजारी रोवणीला, म्हणजे धान लावायला, वाकलेला असतो. आमच्या मंडळानं ते सोडलेलं नाही.

सुभद्रा आमच्या आळीतली सून होती. दोन लेकरांची आई. गाणं कुठं शिकलेली नाही; रोवणीच्या बायांत गाणं उचलायची ती हीच, हे आम्हाला ठाऊक होतं. तिला विचारायला मी दोन वर्षं तिच्या सासऱ्याकडे जात होतो. म्हातारा दरवेळी चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. "मास्तर, सून घरची लक्ष्मी होय, तिले पडद्यापुढं उभी करू का?" मी सांगायचो, अहो, एके काळी भाऊराव कोल्हटकरांसारखे पुरुष सुभद्रा व्हायचे, आपल्या गावातही माझ्या लहानपणी मिशी काढून पुरुषच उभे राहायचे, आता घरच्या बाईला गळा आहे तर तिनं का गाऊ नये? तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "एकच शब्द द्या. पोरीची फजिती होऊ देऊ नका." मी शब्द दिला.

पोळा झाला आणि तालीम सुरू झाली. तिचा गळा काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीत, मोकळा लागायचा. पद सुरू करण्याआधी ती डाव्या हातानं पदराची कड चिमटीत धरायची आणि खांदा जरा वर जायचा, म्हणजे श्वास भरला. तो खांदा दिसला की मी षड्ज धरायचो. दोन महिन्यांत आमचं इतकं जुळलं होतं की ती संवाद संपवतानाच शेवटचा शब्द सुरात टेकवायची.

आणि नाटकाला बारा दिवस राहिले असताना खजिनदारानं ट्रॅक आणला. खजिनदार म्हणजे माझा चुलतभाऊ. नागपूरला पदांची साथ तयार करून घेतली, चार हजारांत. म्हणाला, "दादा, तबला आन् क्लॅरनेटवाल्याचे नऊ हजार होतात. पेटी आता कोनाले पायजे? सारं पेन ड्राइव्हमंदी आहे." मी पेटीचा एक रुपया घेत नव्हतो, हे त्यालाही माहीत होतं. त्याचं एक म्हणणं मात्र खरं होतं. माझ्या पेटीच्या भात्याला उंदरानं बोटभर भोक पाडलं होतं, हवा टिकत नव्हती, लांब सूर मध्येच बसायचा. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशननं चिकटवून काम चालवत होतो. मंडळाच्या बैठकीत सातजण ट्रॅकच्या बाजूनं, दोघं माझ्या. मी पेटी घरी नेली आणि चवाळ्यात गुंडाळून ठेवली.

ट्रॅक त्याहून वरच्या काळी पाचमध्ये केलेला होता. तिला वर ओढून गावं लागायचं. मग कोणीतरी मोबाइलवर पट्टी उतरवून दिली, तर त्यातली पेटी विहिरीच्या तळातून वाजल्यासारखी यायला लागली. तिनं तक्रार केली नाही. तिनं अंक मोजायला शिकून घेतलं, संवाद संपला की मनात चार मोजायचे आणि सुरू करायचं. पदराची चिमूट गेली.

नाटकाच्या रात्री मी प्रेक्षकांत बसलो होतो. दुसऱ्या अंकात 'वद जाऊ कुणाला शरण' आलं. मोठ्या भावानं दुर्योधनाशी लग्न ठरवलंय आणि ही कुणाकडे जाऊ म्हणते. दीड हजार माणूस, दवाचा गारठा, लेकरं मांडीवर झोपलेली, आणि ती बाई गायली. त्या विहिरीतल्या साथीवरही गायली. पद संपलं आणि पुढच्या ताडपत्रीवरून तिचा सासरा उठला. डोक्याला दुपट्टा, हातात पन्नासची नोट. त्यानं हात वर करून मोठ्यानं म्हटलं, "वन्समोर!" मागून सगळ्या मैदानानं तेच उचललं.

तिनं विंगेकडे पाहिलं. मिक्सरवरचा पोरगा मागं जायला बटण शोधत होता. तेवढ्यात ट्रॅक पुढं सरकला आणि राक्षस सुभद्रेला उचलून नेतो त्या प्रवेशाचा ढोल सुरू झाला. लोक हसले. तिच्यावर नाही, ढोलावर हसले, पण रंगमंचावर उभ्या असलेल्या बाईला तो फरक कसा कळणार? ती तशीच उभी होती, ओठ हलत होते, आवाज ढोलाखाली गेला होता. सासरा थोडा वेळ नोट धरून उभा राहिला. मग त्यानं नोट घडी करून खिशात ठेवली आणि खाली बसला.

माझं घर तिथून दोनशे पावलांवर होतं. मी उठून पेटी आणायला हवी होती, ट्यूबचं ठिगळ लावलेली का असेना. मी हाताची घडी घालून बसून राहिलो, कारण मला मंडळावर राग होता. शब्द मी दिला होता, मंडळानं नाही.

म्हणून सांगतो, संगीत नाटकात वन्समोर हा नाटकाचाच भाग आहे. पद कुठं लांबवायचं, कुठं आवरायचं, ते समोर बसलेला माणूस ठरवतो आणि पेटीवाला त्याचं ऐकतो. ट्रॅकला समोर कोण बसलंय ते कळत नाही. चुलतभाऊ आजही म्हणतो की चूक ट्रॅकची नव्हती, त्या पोरानं तालीम केली नव्हती. मी त्याला विचारतो, सासरा उठेल याची तालीम कशी करणार होता? त्यावर तो पाच हजार वाचले हे सांगतो. पाच हजार वाचवायचे होते तर मांडवाला दोन झालरी कमी लावायच्या.

पुढच्या वर्षी मी भाता नवा करून घेतला आणि पेटी परत गेली. सुभद्रा तीच. तिनं ते पद तीनदा म्हटलं. सासरा आला नाही. हलक्या धानाचे पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) राखायला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर होता. पण आमच्याकडे रात्री भोंगा दोन कोस ऐकू जातो. सकाळी त्यानं माझ्या हातात पन्नासची नोट दिली आणि म्हणाला, "हे तिचं नाही, तुमचं."

आता तुमचा दुसरा प्रश्न. सौभद्र कापायला भिऊ नका. ते लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनीही १८८२ मध्ये पुण्यात आधी तीनच अंक केले होते, उरलेले नंतर आले. माहिती सांगणारी पदं सरळ गद्यात बोला. सुभद्रेची पदं, कृष्ण-रुक्मिणीचा रुसव्याचा प्रवेश आणि अर्जुन संन्याशाच्या वेशात बलरामाच्या घरी येतो तो भाग यांना हात लावू नका. देवांचं नाटक म्हणून लोक ते बघत नाहीत. मोठा भाऊ परस्पर सोयरीक ठरवतो, धाकटा आतून ती मोडतो आणि बहीण मध्ये सापडते, हे आमच्या प्रत्येक आळीत घडलेलं आहे. त्यामुळे सासू, सून, नातू सगळे एकाच ताडपत्रीवर बसून बघतात. पात्रं शक्यतो गावातलीच घ्या. बाहेरून बाई आणली की नाटक चांगलं होतं, पण दुसऱ्या दिवशी गावात सुभद्रा नसते.

तालीम रोवणी आटोपली की सुरू करा. धान कापणीला लागलं की संध्याकाळी कोणी येत नाही, आणि आलं तर गळ्यात भुसा असतो.

लेखकाच्या परवानगीचा किंवा मानधनाचा प्रश्न नाही. किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण तुम्ही स्वतः संक्षेप केलात तर त्या संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागेल का, हे आधी विचारून घ्या, आयत्या वेळी धावाधाव नको. रात्री १० नंतर भोंग्यावर बंदी असते, सवलतीचे दिवस मोजकेच असतात. पोलीस ठाण्यात अर्ज वेळेत द्या.

आणि हेही खरं की प्रत्येक गावाला पेटीवाला मिळत नाही. दहा गावं हिंडून मिळालाच नाही तर मोबाइलवर नुसता तानपुरा लावा, गावातल्या भजनी मंडळाचा तबलजी बसवा आणि गाऊ द्या. भजनवाल्याला ठेका कळतो आणि थांबायचं कुठं तेही कळतं. मेघगर्जना, शंख, कोंबड्याचं आरवणं ट्रॅकवर घ्या, त्याला माझी हरकत नाही.

तुमचं गाव वैनगंगेच्या या अंगाला असेल तर मला कळवा. पेटी घेऊन मी स्वतः येईन, पैसे नकोत, जेवण आणि परतीची गाडी पुरे. पण मला सुभद्रेसोबत किमान पंधरा संध्याकाळी बसायला मिळाल्या पाहिजेत. ती श्वास कुठं घेते ते मला बघावं लागेल.