सोलापुरातल्या बेघर मुलांसाठी सरकारी अनुदान: कोणत्या वयाला, कुठून आणि कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर स्टेशन आणि एसटी स्टँडच्या परिसरात १४ ते २२ वयाची मुलं उघड्यावर राहतात, संस्थेकडे १२०० चौरस फुटांची जागा आहे, अमेरिकेत तरुणांची बेघरी संपवायला सरकार शहरांना अनुदान देतं, तसं इथे मिळेल का?

त्या नावाचं एकच एक अनुदान आपल्याकडे नाही. तुम्ही वाचलंय तो बहुधा तिथल्या गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचा यूथ होमलेसनेस डेमॉन्स्ट्रेशन प्रोग्राम. पहिल्या फेरीत १० ठिकाणांना मिळून ३ कोटी ३० लाख डॉलर दिले गेले. वयाची मर्यादा २४ पर्यंत. पैसा एका संस्थेला नाही तर गावातल्या सगळ्या यंत्रणांनी मिळून केलेल्या आराखड्याला मिळतो, आणि त्या आराखड्याला बेघर राहिलेल्या तरुणांच्या मंडळाची संमती लागते. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते, आणि ती पाळायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आपल्याकडे पैशाची वाट १८ व्या वाढदिवसाला फुटते. त्याआधी मूल महिला व बालविकास खात्याचं, बाल न्याय कायदा २०१५ आणि मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली. त्यानंतर तो महापालिकेच्या लेखी ‘शहरी बेघर’. म्हणून ‘१४ ते २२ वयोगटासाठी निवारा’ असा एकच प्रस्ताव कुठेही टिकत नाही. शिवाय १५ वर्षांचा आणि २२ वर्षांचा मुलगा एका खोलीत झोपवणं नियमात बसत नाही, आणि मुलांच्या सुरक्षेच्या दृष्टीनेही ते चूक आहे. प्रस्ताव दोन करा, आराखडा एक ठेवा.

सगळ्यात आधी १६-१७ वर्षांच्या मुलांकडे बघा. कायद्याच्या कलम ४६ खाली १८ पूर्ण झाल्यावर जी अनुरक्षण (आफ्टरकेअर) मदत मिळते, ती ‘बाल संगोपन संस्थेतून बाहेर पडणाऱ्या’ मुलाला. जो कधी संस्थेच्या नोंदीतच आला नाही, त्याला १८ नंतर या मदतीची वाट बंद. साडेसतरा वर्षांचा मुलगा फलाटावर सापडला आणि ‘आता थोडेच महिने राहिलेत, होऊ दे अठरा’ म्हणून सोडून दिला, तर त्याच्या पुढच्या तीन वर्षांची मदत गेली. तो सापडल्यापासून २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ वगळून) बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकृत समितीपुढे, हजर करावा लागतो. स्टेशनवर सापडला तर रेल्वे पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दल (आरपीएफ) यांना कळवा, एरवी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला.

समितीपुढे पहिला अडथळा वयाचा येतो. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे: शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. बरेच कार्यकर्ते थेट हाडांच्या तपासणीकडे जातात. तिचा अंदाज वर्ष-दोन वर्षांनी चुकू शकतो आणि सीमेवरचा मुलगा ‘सज्ञान’ ठरून बाहेर फेकला जातो. आधी गावची शाळा शोधा. सोलापुरात सापडणारी मुलं कलबुर्गी, विजयपूर किंवा तेलंगणातलीही असतात. दाखला तिथून मागवायचा तर कन्नड किंवा तेलुगू बोलणारा माणूस हवा. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्यांची वानवा नाही, त्यांच्यातला एखादा जोडून घ्या.

आता तुमची जागा. १८ खालच्यांसाठी तुम्हाला हवी ती योजना म्हणजे मुक्त निवारा (गरजू मुलांना थोड्या काळासाठी आसरा), कलम ४३. मिशन वात्सल्यमध्ये त्याचं एकक साधारण २५ मुलांचं धरतात. बाल न्याय नियमांत २५ मुलांच्या शयनकक्षाला १००० चौरस फूट लागतात, म्हणजे माणशी ४०. त्याशिवाय स्वयंपाकघर, आजारी मुलांची खोली, समुपदेशनाची खोली, ७ मुलांमागे एक शौचालय, १० मुलांमागे एक न्हाणीघर. १२०० फुटांत हे बसत नाही. एक तर वरचा मजला किंवा शेजारची जागा किमान पाच वर्षांच्या नोंदणीकृत भाडेकरारावर घ्या, कारण नोंदणीची मुदतही पाच वर्षांची असते, किंवा मुलांची संख्या कमी दाखवून मान्यता मागा. ‘आधी सुरू करू, नोंदणी मागून येईल’ हा विचार मनातून काढून टाका. कलम ४१ ची नोंदणी नसताना मुलं ठेवली तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि त्या काळात तुमच्याकडे राहिलेल्या मुलाला अनुरक्षणासाठी त्या राहण्याचा काडीचा उपयोग नाही.

नोंदणीचा अर्ज नमुना २७ मध्ये, जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत. इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडून ठेवा. अनुदानाचा प्रस्ताव वेगळा: जिल्हा बाल संरक्षण कक्ष, तिथून पुण्याचं आयुक्तालय, तिथून राज्याच्या वार्षिक मागणीत आणि मग दिल्लीच्या प्रकल्प मंजुरी मंडळापुढे. खर्चात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. ही साखळी वर्षातून एकदाच फिरते. एप्रिलपासून पैसा हवा असेल तर तुमचा कागद आदल्या दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यात पोहोचलेला असावा. मार्चमध्ये दिलेला प्रस्ताव वर्षभर फायलीत राहतो.

अनुरक्षणाचं गणित करून दाखवतो, कारण संस्था इथेच बुडतात. मिशन वात्सल्यखाली दर मुलाला महिन्याला ४००० रुपये, साधारण २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत २३ पर्यंत. नियमांत ६ ते ८ जणांनी एकत्र राहण्याची सोय सुचवली आहे. सहा जण धरा: २४,००० रुपये. दोन खोल्यांचं भाडं ८००० धरलं आणि जेवणाला माणशी २५०० म्हणजे १५,०००, तर उरतात १०००. वीज, बसपास, आयटीआयची फी, आजारपण सगळं त्यात. लक्ष ठेवणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार यात कुठेच नाही. शिवाय ही रक्कम थेट मुलाच्या बँक खात्यात जाते, संस्थेच्या नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा कार्यकर्त्याचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) किंवा देणगीतून आधी उभा करा, मगच गटनिवास सुरू करा.

आणि बँक खातं. अल्पवयीन म्हणून उघडलेल्या खात्याचं १८ व्या वाढदिवसानंतर नव्याने केवायसी करावं लागतं, नाहीतर व्यवहार थांबतात. पहिला हप्ता नेमका तेव्हाच येतो आणि परत जातो. त्याआधी १५ व्या वर्षी करायचं आधारचं बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहून गेलेलं असतं, त्यामुळे ठसेच जुळत नाहीत. वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधी आधार, मग खातं, मग आधारशी खात्याची जोडणी, याच क्रमाने करा. बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी समितीला पुनर्वसनाचा आराखडा द्यायचा असतो, त्यात खात्याचा चालू क्रमांक लिहिलेला असला पाहिजे. मूल अनाथ असेल तर महिला व बालविकास खात्याचं अनाथ प्रमाणपत्र त्याच वेळी मागा. राज्यातलं शिक्षण आणि नोकरीतलं एक टक्का आरक्षण त्याशिवाय वापरता येत नाही.

१८ ओलांडलेला, कधीच संस्थेत न राहिलेला मुलगा ही आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी भेग आहे. मुलींसाठी निदान मिशन शक्ती या केंद्राच्या योजनेतलं शक्ती सदन हे निवासगृह आणि तातडीला सखी वन स्टॉप सेंटर आहे. मुलग्यांसाठी उरतो महापालिकेचा बेघर निवारा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय सांगितली होती. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे साडेनऊशे जणांची सोय व्हायला हवी. जागा माणशी ५० चौरस फूट, त्यामुळे तुमच्या १२०० फुटांत २४ जण. चालवायला ५० जणांमागे वर्षाला ६ लाख धरले होते, म्हणजे माणशी महिन्याला १०००. त्यात एक व्यवस्थापक आणि तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक. चौघांना दहा-दहा हजार दिले तरी ४ लाख ८० हजार तिथेच संपतात. जेवण यातून होत नाही.

म्हणून माझं मत असं: स्वतःचा नवा निवारा काढण्यापेक्षा महापालिकेच्या निवाऱ्यात १८ ते २४ वयासाठी वेगळा कक्ष मागा आणि तो चालवण्याची जबाबदारी घ्या. ते अभियान २०२४ मध्ये संपल्याने सध्या कोणत्या शीर्षाखाली तरतूद आहे, हे महापालिकेच्या संबंधित विभागातून लेखी घ्या. बांधकाम, दुरुस्ती, पलंग यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी राखलेल्या ३ टक्क्यांतून १८ खालच्यांच्या प्रकल्पाला मागणी करता येते. तो निधी पगाराला मागू नका.

रस्त्यावर येण्याआधीच थांबवता येतील अशी मुलं यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. विडी कामगार विधवा आई, यंत्रमाग बंद पडून घर सोडलेला बाप, ऊसतोडीला गेलेलं घर. अशा ठिकाणी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये किंवा मिशन वात्सल्यचं प्रायोजकत्व, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणारी मदत, ४००० रुपये. प्रायोजकत्वाला उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००. एका मुलासाठी दोन्ही एकदम नाही.

प्रस्तावाचा कणा म्हणजे मोजणी. फक्त फलाट मोजलात तर आकडा खोटा निघेल. या वयाची मुलं जास्त करून कामाच्या जागीच झोपतात: हॉटेलच्या मागच्या खोलीत, गॅरेजमध्ये, अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत, मार्केट यार्डात, मंगल कार्यालयात. ती बेघरांच्या यादीत नसतात आणि कामगारांच्या यादीतही नसतात. मोजणी रात्री अकरानंतर, दोघादोघांच्या गटाने, आणि सोबत पूर्वी रस्त्यावर राहिलेला एक तरुण असावाच; त्याला त्या रात्रीचं मानधन द्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीच्या आगेमागे मोजू नका, आकडा फुगतो आणि तपासणीत टिकत नाही. नाव, वय, गाव इतकंच लिहा. फोटो घेऊ नका, अल्पवयीनाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

पैसा आल्यानंतरच्या चुका नेहमीच्याच. अनुदानाला वेगळं बँक खातं, एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी पोर्टल) क्रमांक आणि पीएफएमएस (सरकारी निधीचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) नोंदणी. त्या खात्यावरचं व्याज तुमचं नाही, ते परत करायचं. जेवणाचा पैसा भाड्याला वळवला तर उपयोगिता प्रमाणपत्र अडकतं आणि पुढचा हप्ता थांबतो. हजेरीत १८ मुलं आणि दुधाचं बिल २५ जणांचं, हे तपासनीस पहिल्या दिवशी पकडतो. समितीच्या आदेशाशिवाय ठेवलेलं मूल अनुदानाच्या मोजणीत धरलं जात नाही. हप्ते उशिराच येतात, निदान सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून सुरुवात करा.

या आठवड्यात मात्र एकच काम करा: न्यासाची घटना काढून उद्दिष्टांत बालकांची काळजी, संरक्षण आणि निवारा हे शब्द आहेत का ते वाचा. नसतील तर दुरुस्ती करून सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत दाखल करावा लागतो. विश्वस्त बदललेत आणि त्यांचा बदल अर्ज प्रलंबित आहे का, तेही बघा. नोंदणीचा अर्ज परत येण्याचं ते सर्रास कारण असतं.