रस्त्यावर सापडलेल्या दोन कोंबड्या घरी आणल्यात, कधीच पाळल्या नाहीत, काय काय काळजी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की एक पांढरी, जाडजूड, पाय फाकवून चालणारी कोंबडी हायवेच्या कडेला मिळाली आणि दुसरी काळी, डोक्याला कुंकू लागलेली, चौकात उतारा ठेवला होता तिथून उचललीत, दोघी गॅलरीत आहेत आणि आई म्हणतायत की उताऱ्याची कोंबडी घरात नको. माझी पण चार वर्षांपूर्वी अशीच सुरुवात झाली.

आमचं घर शिरवळच्या अलीकडे, हायवेला लागूनच. पहाटे कोंबड्यांच्या गाड्या जातात, त्यातल्या क्रेटमधून पडलेली एक पांढरी कोंबडी गटारापाशी बसलेली दिसली म्हणून घरी आणली. बिचारी किती दिवसांची उपाशी असेल असं वाटून मी मक्याचा भरडा आणि फीड दिवसभर तिच्यापुढे भरून ठेवायचे, ती बसल्या जागी खात राहायची आणि मला बघून बरं वाटायचं. अठराव्या दिवशी सकाळी पाठीवर उलटी पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले हार्ट बंद पडलं, खाणं मोजून द्यायला हवं होतं. ते अजून टोचतं मला, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

तर तुमची पांढरी म्हणजे ब्रॉयलर. दिसायला मोठी आहे पण वय जेमतेम सहा आठवडे असेल, आवाज नीट ऐका, अजून पिल्लासारखी चिवचिव करत असेल. पाच-सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो भरावी म्हणूनच ही जात तयार केलीय, मांस भराभर वाढतं पण पाय आणि हृदय त्या वेगाला पुरे पडत नाहीत. ती कितीही मागे लागली तरी खाणं मोजूनच, आमचे डॉक्टर दिवसाला साधारण शंभर ग्रॅम सांगतात, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं, आणि मधे भूक लागली तर मेथी-पालकाच्या काड्या, कोबीचा पाला. पाणी मात्र चोवीस तास हवं, ते खाण्यापासून जरा लांब ठेवा म्हणजे तेवढी तरी चालेल. फरशीवर अजिबात ठेवू नका, पाय घसरून कायमचे फाकतात, खाली भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरा आणि ओला झाला की बदला. उंच दांडी पण नको, उडी मारताना पाय मोडतो. उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकायला लागली की लगेच सावलीत, ओलं गोणपाट आणि पंखा, ब्रॉयलरला ऊन अजिबात सोसत नाही.

काळी बहुतेक गावरान असणार, तिचं सगळं उलटं. तिला बसायला दांडी हवीच, दिवस मावळला की ती आपणहून उंचावर चढते (आमची पहिल्या संध्याकाळी थेट शेवग्याच्या झाडावर गेली होती), आणि गॅलरीला जाळी नसेल तर ती आजच उडून जाईल. तिला ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी चालते पण नुसत्या धान्यावर ठेवू नका, अंडी द्यायला लागली की लेअर फीड (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) आणि शिंपल्यांचा चुरा लागतो, नाहीतर कवच पातळ होतं. बारीक खडे पण ठेवा, कोंबडीला दात नसतात, पेट्यात खड्यांवरच दाणे दळले जातात. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणे दोघींनाही चुकूनसुद्धा घालू नका, त्याने लिव्हर खराब होतं. एका घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची राख ठेवा, त्यात लोळून त्या स्वतःच अंगाच्या उवा झाडतात.

पण हे सगळं दोन दिवसांनी. आत्ता दोघींना वेगवेगळ्या खोक्यांत, अंधाऱ्या शांत जागी ठेवा, पाण्यात ओआरएस घाला आणि सारखं उचलून बघू नका, घाबरलेली कोंबडी नुसत्या ताणाने पण जाते. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. मग रात्री, त्यांना दिसत नाही तेव्हा, हळूच उचलून पंखाखाली आणि शेपटीखाली उवा आहेत का बघा. विष्ठेवर पांढरा भाग असणं नॉर्मल आहे, रक्त दिसलं तर रक्ती हगवण, त्यावर औषध आहे पण त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. हिरवी पातळ विष्ठा आणि मान पिळवटलेली असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, त्यावर इलाज नाही, आधी लसच दिलेली हवी. लसोटा या राणीखेतच्या लसीचे थेंब डोळ्यात घालतात, पण एका बाटलीत निदान शंभर कोंबड्यांची लस येते आणि कालवल्यावर टिकत नाही, त्यामुळे जवळ कोणी कोंबड्या पाळत असेल तर त्यांच्यासोबत करून घ्या. शहरातले बरेच दवाखाने फक्त कुत्री-मांजरंच बघतात, मला पण दोन ठिकाणांहून परत पाठवलं होतं, तेव्हा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. औषध चालू असताना अंडी खाऊ नका.

जाळीचं एक राहिलंच. बाजारात जी कोंबडीची षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर नाही ठेवत. आमची एक तशीच गेली. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या आणि रात्री खुराड्याला कडी.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांना पापे घेऊ देऊ नका. आसपास कावळे किंवा कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा, 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ते लोक हे फार गंभीरपणे घेतात.

आईंचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. आमच्याकडे पण म्हसोबापाशी सोडलेली एक काळी आली तेव्हा सासूबाई आठ दिवस परसात फिरकल्या नाहीत. मी तिचं कुंकू कोमट पाण्याने पुसलं, घराच्या मागे वेगळं खुराडं केलं आणि काही बोलले नाही. आता ती खुडूक बसली की सासूबाईच तिला वाटीतून बाजरी नेऊन देतात.

पांढरीच्या तळपायांचा फोटो टाका. काळी गोल खपली आणि सूज असेल तर ती घरी सुईने फोडू नका, आत पू असतो, डॉक्टरांकडूनच काढून घ्या.