आधी कान दाखवा, मग फी भरा

प्रश्न : मुलगी बारावी झाली, वय १८. तिला केबिन क्रू व्हायचंय. तिला सारखी सर्दी असते आणि वजन वाढेल म्हणून आतापासूनच रात्री जेवत नाही. रात्रपाळ्यांत तिची तब्येत टिकेल का? इन्स्टिट्यूटची फी भरायची मुदत जवळ आली आहे. – एक आई, सातारा

उत्तर : ताई, फी राहू द्या. विमान कंपन्या निवडलेल्या मुलींना स्वतःच प्रशिक्षण देतात, त्यासाठी बाहेरचा कोर्स सक्तीचा नाही. आधी मुलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

मला तिच्या रात्रपाळीपेक्षा सर्दीची काळजी वाटते. विमान खाली येताना केबिनमधला दाब वाढतो. नाक चोंदलेलं असेल तर कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत हवा पोचत नाही, पडदा आत ओढला जातो. कान असह्य ठणकतो, क्वचित पडदा फाटतोही. प्रवाशाला हे कधीतरी सोसावं लागतं. क्रूची मुलगी एका दिवसात तीन-चार वेळा उतरते. सर्दीमागे अ‍ॅलर्जी असो की नाकाचं वाकडं हाड, उपचार आताच होऊ द्या. आणि नोकरी लागल्यावर नाक बंद असेल त्या दिवशी 'मी आजारी आहे' असं कळवायला तिने कचरू नये. मनाने औषधही घेऊ नये. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांनी झोप येते, काही सिरपमध्ये अल्कोहोल असतं आणि क्रूची श्वासचाचणी होते.

रात्रीचं जेवण मात्र आजपासून सुरू करा. वजन उंचीच्या प्रमाणात लागतं, उपाशी मुलगी कुणालाच नको असते. आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढायची जबाबदारी तिचीच असते. केबिनमधली हवा साधारण ६,००० ते ८,००० फुटांवर असते तितकी विरळ, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही. तिथे पोटातला वायू फुगतो, म्हणून ड्यूटीआधी वाल, राजमा नको. भाकरी-भाजी, वरण-भात उत्तम. हवा फार कोरडी असते, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यायचं.

झोपेचं म्हणाल, तर रात्री २ ते पहाटे ६ शरीर सर्वात सुस्त असतं आणि ती सवय पूर्ण मोडत नाही. दिवसा झोप भरून काढावीच लागते. ती सुट्टीला घरी येईल तेव्हा दुपारी खोलीत अंधार करून तिला झोपू द्या, पाहुणे आले तरी उठवू नका. एवढं तुमच्या हातात आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. पुढचं पत्र मुलीलाच लिहू द्या.