समास ओळखून पुढे काय होणार?

प्रश्न : मी दहावीत आहे. व्याकरणाचा तास सुरू झाला की झोप येते. समास ओळखा, प्रयोग ओळखा, अलंकार ओळखा. मागच्या आठवड्यात सरांनी वीस व्याख्या पाठ करायला दिल्या. मला मराठी नीट बोलता-लिहिता येतं आणि पुढे कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. मग हे सगळं कशाला?

उत्तर : तुझी निम्मी तक्रार मला मान्य आहे. व्याख्या घोकल्या की लेखन सुधारतं, या समजाला फारसा आधार नाही. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली अमेरिकेत लेखन-अध्यापनावरचं तोवरचं संशोधन तपासलं, तेव्हा त्यांनाही नुसत्या औपचारिक व्याकरणाचा लेखनाला लाभ होताना दिसला नाही. तेव्हा तुला कंटाळा येतो म्हणजे तू आळशी आहेस, असं मी म्हणणार नाही.

पण तुझंच वाक्य बघ : 'सरांनी वीस व्याख्या पाठ करायला दिल्या.' शिकवणारे सर, मग क्रियापद 'दिले' का नाही? 'दिल्या' हे रूप व्याख्यांच्या मागे गेलं आणि तू ते विचार न करता अचूक लिहिलंस. कर्मणी प्रयोग तो हाच. म्हणजे व्याकरण तुला येतंच. तासाला फक्त त्याला नावं देतात. नावांचं काम पडतं ते वाक्य अडतं तेव्हा, किंवा नवी भाषा शिकताना. जर्मनमध्ये 'डेर मान'चं (म्हणजे 'माणूस'चं) कर्म झालं की 'डेन मान' होतं. विभक्ती म्हणजे काय हे ज्याला कळलंय, तो हे लगेच पकडतो. बाकीचे तक्ते पाठ करत बसतात.

आता तुझ्या कॉम्प्युटरकडे येऊ. तू लिहिलेला प्रोग्रॅम कम्पायलरकडे, म्हणजे त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, गेला की तो आधी त्याचे शब्द सुटे करतो आणि मग कोण कोणाशी जोडलंय ते ठरवतो. तुमच्या पुस्तकातलं वाक्यपृथक्करण, दुसरं काही नाही. कंस राहिला की येणारी 'सिंटॅक्स एरर' ही व्याकरणाचीच चूक. व्याकरणांची गणिती वर्गवारी नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली आणि कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात. 'अल्गोल ६०' या प्रोग्रॅमिंग भाषेचे नियम ज्या पद्धतीने लिहिले, तिला 'पाणिनी-बॅकस फॉर्म' म्हणावं (बॅकस हे ती पद्धत आणणारे कॉम्प्युटर-तज्ज्ञ), असं पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये सुचवलं होतं. सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत बसवणारा पाणिनी तो हाच. (नाव काही रूढ झालं नाही, ते वेगळं.)

आणि इंजिनिअर नाहीच झालास तर? अनुवाद, संपादन, भाषा-तंत्रज्ञान, वकिली, सगळीकडे वाक्य उलगडून बघणारा माणूस लागतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात दूधगाड्यांच्या चालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या 'किंवा'आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'वितरण' हे ओव्हरटाइममधून वगळलेलं स्वतंत्र काम, की 'पाठवणी किंवा वितरणासाठीच्या पॅकिंग'चाच भाग, हे ठरेना. यादीतली बाकीची कामं एका रूपात आणि 'वितरण' वेगळ्या रूपात आहे, हाही चालकांचा मुद्दा होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाचा कौल त्यांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

परीक्षेपुरतं सांगायचं तर व्याख्या शेवटी ठेव. रोज तुझ्याच निबंधातली तीन-चार वाक्यं घे, त्यांचा प्रयोग बदलून बघ, क्रियापद कोणाच्या मागे जातं ते शोध. सरांनाही विचार, उदाहरणं वर्गातल्या मुलांनीच आणली तर चालेल का; बहुतेक शिक्षकांना ते आवडतं. महिनाभर असं करूनही गोडी लागली नाही, तर मार्कांपुरता अभ्यास कर आणि तो वेळ कोडिंगला दे. अलंकारांची मात्र हमी मी देत नाही. कवितेची आवड नसेल तर ते रटाळ वाटणारच.